भोसरी ते टेंभुर्णी, एकतीस मीटर लांब

पुण्याहून टेंभुर्णीला एसटीनं चार तासांच्या आत पोचता येतं. आमच्या कॉलमला जवळजवळ आठवडा लागला, आणि ताफ्याचे मुकादम असलेल्या मामांच्या मते काम झटक्यात झालं.

कॉलम म्हणजे डिस्टिलरीतला ऊर्ध्वपातनाचा मनोरा. आंबवलेल्या मळीतून अल्कोहोल वेगळं करायचं काम त्याच्या पोटातले ट्रे करतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य सरकारनं २०३० वरून २०२५-२६ वर ओढलं, आणि साखर कारखान्यांच्या आवारात असे मनोरे उभे राहू लागले. साइटवर तो उभा असतो, पण भोसरीच्या शेडमध्ये आडवा बनतो आणि आडवाच जातो. आमचा ३१ मीटर लांब, क्लिपांसकट पावणेचार मीटर जाड, वजन ४६ टन. ट्रकची कायद्यातली रुंदी २.६ मीटर आणि उंची ४ मीटर. त्याबाहेर गेलं की तो माल ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो), म्हणजे त्याला वेगळी परवानगी, वेगळी गाडी आणि वेगळी माणसं.

मी डिस्पॅच बघते. एरवी चलनावर सही झाली, माल गेटबाहेर पडला की माझं काम संपतं. या वेळी गिऱ्हाइकानं सोबत कंपनीचा माणूस मागितला होता, म्हणून मी पायलट गाडीच्या मागच्या सीटवर, फाइल आणि स्वेटर घेऊन.

निघण्याआधी

रूट सर्व्हे महिनाभर आधी झाला होता. पायलट गाडीच्या बंपरला फायबरचा दांडा उभा बांधायचा, तो मालाच्या उंचीपेक्षा थोडा वर ठेवायचा आणि सगळा रस्ता फिरायचा. दांडा जिथं टेकेल तिथलं ठिकाण, उंची, फोटो. पुलाखाली पाटीवर ५.५ मीटर लिहिलेलं असलं तरी मामा टेप लावतातच. पाटी रंगवल्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढलेले असतात, आणि पाटी बदलायला कुणी आलेलं नसतं.

पहिल्याच बैठकीत मी वजनाची काळजी बोलून दाखवली, तर मामा म्हणाले, “वजनाचं काय घेऊन बसलाय ताई? चाकं वाढवली की वजन गप बसतं. उंचीला काय वाढवणार?”

उंचीचा निकाल ट्रेलरवर लागत नाही, ड्रॉइंगवर लागतो. आमच्या कॉलमवर ३५ सेंटिमीटर वर येणारं एक नोझल, म्हणजे पाइप जोडायचं तोंड होतं. ते शॉपमध्येच वेल्ड करून पाठवायचं असा डिझाइनवाल्यांचा आग्रह, कारण शॉपमधलं वेल्डिंग तपासायला सोपं. मी चालती उंची मांडून दाखवली: ट्रेलर, त्यावरचा टर्नटेबल (मालाखालची फिरती बैठक) आणि माल मिळून ५.३० मीटर. नोझल धरलं तर ५.६५. त्या आकड्याला रस्ताच उरत नव्हता. दोन बैठका गेल्या, आवाज चढले, शेवटी नोझल साइटवर वेल्ड करायचं ठरलं. पुढच्या सगळ्या प्रवासात ज्या ज्या तारेखालून आम्ही चार बोटांच्या अंतरानं निघालो, तिथं मला ती बैठक आठवत होती.

रस्ता निवडताना सरळ वाट पहिल्यांदा बाद झाली. पुणे शहरातून हडपसरला जायचं म्हणजे मेट्रोचे खांब, उड्डाणपूल आणि काटकोनी चौक. दौंडमार्गे जावं तर गावातली रेल्वेखालची कुरकुंभ मोरी, ती आमच्या कामाची नाही. मोरी सोडली तर रेल्वे ओलांडायचे दोनच प्रकार उरतात. वरून जायचं तर पुलाच्या क्षमतेचा कागद लागतो. फाटकातून जायचं तर २५,००० व्होल्टची तार, आणि तिच्याआधी ४.६७ मीटरवर उभी केलेली उंचीची कमान. तिच्यापेक्षा उंच गाडीला रेल्वेच्या खास परवानगीशिवाय आणि तारेतली वीज बंद केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शेवटी भोसरी, चाकण, शिक्रापूर, न्हावरा, चौफुला आणि तिथून सोलापूर हायवे असा वळसा ठरला. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, मात्र आमची गती आधीच ठाऊक असते. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ओडीसीला २० किलोमीटरला एक. म्हणजे आम्हाला बारा दिवसांची मुदत. सरकारी नियमात व्यवहारज्ञान शोधायचं असेल तर इथे सापडतं.

रविवार रात्र: भोसरी ते चाकण

शहरात रात्री चालायचं, उजाडायच्या आत बाहेर पडायचं. अकराला पुलरनं, म्हणजे सगळं ओढणाऱ्या ट्रकनं, पहिला हिसका दिला. त्याच्यामागे चाकांच्या दोन बोग्या: पुढच्या बोगीत चार लाइन, म्हणजे चाकांच्या आडव्या रांगा, मागचीत चार, प्रत्येक लाइनला आठ टायर. दोन्ही बोग्यांमध्ये ट्रेलर नाहीच, कॉलम हाच त्यांना जोडणारा सांधा. पुढची बोगी पुलरच्या मागे वळते. मागची बोगी एक माणूस रिमोट घेऊन, तिच्या बाजूनं चालत वळवतो. हा आमचा रिमोटवाला वीस-बावीस वर्षांचा, बिहारचा, बोलायला अगदी मोजका. अख्ख्या ताफ्यात सगळ्यात जास्त तोच चालला.

गवळी माथ्यापासून स्पाइन रोडपर्यंत वायरींनी त्रास दिला नाही. त्रास दिला वाढदिवसांनी. सर्व्हेच्या वेळी मोकळे असलेले खांब आता आडव्या फ्लेक्सनी भरले होते, आणि एका भावी नगरसेवकाच्या हसऱ्या चेहऱ्याची तळकड बरोब्बर पाच मीटरवर लटकत होती. फ्लेक्स काढला तर सकाळी भांडण. दोरी सैल करून वर ओढली, गाडी काढली, पुन्हा बांधली. भाऊंना कळलंसुद्धा नाही.

मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा. दिवसा ज्या रस्त्यावर दुचाकीला फट मिळत नाही तिथं रात्री दीडला आम्ही माणसाच्या चालीनं जात होतो आणि मागे कंटेनरांची रांग वाढत होती. दर दोन-तीन किलोमीटरला बाजूला थांबून रांग सोडायची. ही मामांची शिस्त आहे, आणि तिच्यामुळे शिव्या निम्म्यानं कमी होतात.

चाकणचा चौक पहाटे तीनला आला. शिक्रापूरकडे उजवीकडे वळायचं. दुभाजकाचे सुटे दगड आधीच बाजूला केलेले, चौकात लोखंडी प्लेटा अंथरलेल्या, वाहतूक पोलीस शिट्टी घेऊन उभे. अरुंद दारातून पालखी बाहेर काढताना पुढचा भोई वळला की मागच्याला उलट्या अंगाला सरकावं लागतं, तसं इथं होतं. पुलर उजवीकडे गेला तेव्हा रिमोटवाल्यानं मागची बोगी डावीकडे तोडली. कॉलमची शेपटी एका बंद मेडिकलच्या शटरसमोरून, हात लावता येईल इतक्या जवळून फिरली. मामा शेपटीशी उभे. पुलरच्या उस्तादांना, म्हणजे ड्रायव्हरना, आरशात काहीच दिसत नव्हतं, वॉकीटॉकीवर फक्त मामांचा आवाज: “चलो, चलो, आस्ते, बस.” उस्ताद हरियाणाचे. मामा माळशिरसचे, पण गाडीशी हिंदीतच बोलतात.

या एका वळणाला पाऊण तास लागला. उजाडताना आम्ही चाकणबाहेर एका मोकळ्या जागेत, चाकांना ठोकळे लावून, झोपेत.

सोमवार: शेलपिंपळगावची भीमा

हायवेवर उलटा नियम, दिवसा चालायचं. पण सकाळी कंपन्यांच्या बस सुटतात, त्यामुळे दहाशिवाय निघण्यात अर्थ नव्हता. लाल झेंडे तपासले, टायर तपासले. हेल्पर प्रत्येक टायरवर लोखंडी गज मारतो आणि आवाज ऐकतो. चौसष्ट टायर, चौसष्ट टोले. एकाचा आवाज बद्द आला, तो बदलला.

शेलपिंपळगावला भीमा ओलांडायची. पुलाशी मामा एकदम वेगळा माणूस होतो. चेष्टा बंद. आपले पूल भारतीय रस्ते काँग्रेसच्या ठरावीक भारांवर तोलून बांधतात. ‘क्लास ए’ची गाड्यांची माळ ५५.४ टनांची, ‘७० आर’ची चाकांची गाडी १०० टनांची. आमचं माल, बोग्या आणि पुलर धरून ९० टनांच्या आतबाहेर. आकडा बसतो, परवानगीही हातात होती, तरी शिस्त ठेवायची ती ३८५ टनांच्या खास वाहनासाठी लिहिलेली: पुलाच्या मधोमध चालायचं, पुलावर दुसरं वाहन नको, वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत, आणि मध्ये ब्रेक नाही की ॲक्सिलरेटर नाही. ब्रेक मारला की चालत्या वजनाचा धक्का खांबांना आडवा बसतो. म्हणून पूल सुरू व्हायच्या आधीच गिअर ठरतो आणि संपेपर्यंत बदलत नाही.

दोन्ही टोकांना वाहनं अडवली. एक दुधाचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि मग खाली उतरून व्हिडिओ काढायला लागला. आम्ही पलीकडे गेलो तेव्हा त्यानंच मागच्यांना हात करून रस्ता मोकळा करून दिला. अवजड मालाच्या वाटेवर हे नेहमी होतं म्हणे. अडलेला माणूस पाच मिनिटं चिडतो, सहाव्या मिनिटाला तो आपला होतो.

संध्याकाळी शिक्रापूरच्या अलीकडे थांबलो. पुढे ११ केव्हीची लाइन रस्ता आडवी जात होती आणि तिचा झोळ सर्व्हेच्या वेळेपेक्षा खाली आलेला दिसत होता.

मंगळवार: बसून

रस्ता ओलांडणाऱ्या उच्चदाबाच्या तारेनं जमिनीपासून ६.१ मीटर वर असावं असा नियम आहे. तार मात्र नियम वाचत नाही. दोन खांबांतलं अंतर, ऊन, वारा, एका बाजूला कललेला खांब, आणि तार खाली येते. शिवाय इथं तार मालाला टेकली नाही म्हणजे झालं असं नसतं. ११,००० व्होल्टशी ठरावीक अंतर राखावंच लागतं, आणि आपला माल सबंध लोखंडाचा. कमी दाबाच्या वायरी आमचा बांबूवाला कोरड्या फायबरच्या काठीनं उचलून धरतो. ११ केव्हीला काठी लावायची नसते. तिथं शटडाऊनच. त्यासाठी अर्ज, फी, फीडरवरच्या गावांना पूर्वसूचना. आमचा शटडाऊन मंगळवारी सकाळी ठरलेला होता. पण त्या फीडरवर दुसरीकडे बिघाड निघाला, वायरमन तिकडे गेले, आणि आमची वेळ बुधवार पहाटेवर गेली.

मग दिवसभर करायचं काय? लॅशिंगच्या साखळ्या पुन्हा ताणल्या. उस्तादांनी केबिनच्या मागच्या पेटीतून स्टोव्ह काढून राजमा शिजवला, मामांनी शेजारच्या शेतातून कांदापात आणली. त्या शेताचे मालक, सत्तरीचे आजोबा, खुर्ची घेऊन कॉलमसमोर येऊन बसले. “हे रॉकेट हाय का?” म्हणून विचारलं. दारूच्या कारखान्याचं आहे असं बांबूवाल्यानं सांगून टाकलं. मी घाईनं इथेनॉल, पेट्रोल असं समजावलं. आजोबा म्हणाले, “म्हंजी आमच्याच उसाचं. मग थांबू द्या की.”

रॉकेटचा विषय निघाला आणि मामा खुलले. ओडीसीच्या माणसांत एक गोष्ट फार सांगितली जाते. ‘इस्रो’च्या तिरुअनंतपुरमच्या केंद्रासाठीचं एक ७० टनांचं ऑटोक्लेव्ह २०१९ च्या जुलैत महाराष्ट्रातून ७४ चाकांच्या ट्रेलरवर निघालं आणि २०२० च्या जुलैत पोचलं. साधारण १७०० किलोमीटरला एक वर्ष, मध्ये लॉकडाऊन. रस्ते दुरुस्त करत, झाडं छाटत, विजेच्या तारा काढत गेले. मामा त्या ताफ्यात नव्हते, पण सांगताना आवाज असा की वाटावं हेच ठोकळे लावत होते. उस्ताद म्हणाले, त्यातले सगळे ड्रायव्हर घरी जाऊन आले तेव्हा पोरांनी ओळखलं नसेल. हे त्यांनी हसत म्हटलं आणि मग फोन घेऊन पुलरच्या पलीकडे गेले.

संध्याकाळी माझ्या ऑफिसातून फोन: “अजून शिक्रापूरच?” मी म्हटलं, होय, अजून शिक्रापूरच.

बुधवार: न्हावऱ्याकडे

पहाटे पाचला वायरमन आले. लाइन बंद केली, अर्थिंग केलं, मग हात वर करून खूण. बोग्यांचं हायड्रॉलिक खाली बसवलं की आमची उंची वीस सेंटिमीटरनं कमी होते. चाकं आपापल्या जागी दुमडतात आणि ५.३० चे ५.१० होतात. पण तसं लांब चालत नाही, सिलिंडरची चाल संपते आणि खड्ड्यात ट्रेलर टेकतो. तेवढी तार पार केली, पुन्हा उचललं. सगळं मिळून अकरा-बारा मिनिटं, ज्यासाठी एक दिवस गेला.

नगर रस्ता उजाडायच्या आत ओलांडला. तळेगाव ढमढेरेच्या पुढे ऊसच ऊस. जानेवारी, गळीत हंगाम ऐन भरात. समोरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रॉलीबाहेर दोन्हीकडे हातभर ऊस आणि टिपेला लावलेलं गाणं. खरं तर तोही ओडीसीच, फक्त त्याला परवानगी कुणी विचारत नाही. डांबर इतकं अरुंद की एकानं साइडपट्टीवर उतरायलाच हवं. आम्ही उतरू शकत नाही, आणि भरलेला ट्रॅक्टर उतरला तर ट्रॉली कलंडते. म्हणून पुढची पायलट गाडी अर्धा किलोमीटर आधी त्यांना एखाद्या शेताच्या वाटेवर थांबवत होती. ट्रॅक्टरवाले समजूतदार निघाले. एकानं तर हौसेनं पुढच्या दोघांना फोन करून थांबवलं.

एका गावात स्वागत कमान होती. ती आम्हाला माहीत होती, तिच्यासाठी शेतातून मुरूम टाकून बाजूचा रस्ता करून ठेवला होता. माहीत नव्हत्या त्या इंटरनेटच्या केबल. विजेच्या तारांना मालक असतो, ऑफिस असतं, कुणाला तरी फोन करता येतो. या काळ्या केबली रातोरात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जातात, साडेचार मीटरवर लोंबतात आणि कुणाच्या ते गावात कुणीच सांगत नाही. तुटली की मात्र तीन मालक धावत येतात. बांबूवाल्यानं एक एक करून उचलल्या आणि कॉलमच्या पाठीवर बसलेल्या पोरानं त्या हातानं मागे सरकवल्या. एकही तुटली नाही. बांबूवाल्याचा उजवा खांदा रात्री वर होत नव्हता, माझ्या पिशवीतली आयोडेक्सची बाटली तिथं संपली.

गुरुवार: चौफुला

नागरगाव आणि पारगावच्या मध्ये पुन्हा भीमा, पुन्हा तीच शिस्त. केडगावच्या रेल्वेचा कागद आधीच हातात होता, म्हणून तिथं सांगण्यासारखं काही घडलं नाही. ओडीसीत यापेक्षा मोठं कौतुक नसतं.

चौफुल्याला सोलापूर हायवेवर चढलो आणि पहिल्यांदा चौपदरी रस्त्याची ऐट कळली. उस्तादांनी चौथा गिअर टाकला. वरवंडला चहा घेताना मामांनी सांगितलं की आषाढात इकडं यायचं नावच काढायचं नाही. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत याच रस्त्यानं येते. त्या दिवसांत कितीही मोठ्या साहेबाचा माल असो, तो शेडमध्येच राहतो. म्हणून कारखान्यांचे कॉलम एकतर मे संपायच्या आत नाहीतर वारीनंतर. आमच्या डिलिव्हरीच्या तारखा ठरवणाऱ्यांच्या टेबलावर पंचांग का नसतं, हा प्रश्न मी फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

शुक्रवार: भिगवण, इंदापूर

पाटसच्या टोलनाक्यावर कडेची रुंद लेन आमची. टोलच्या दरपत्रकात शेवटची ओळ ‘सात किंवा अधिक ॲक्सल’ अशा वाहनांची असते, ती मी आजवर फक्त वाचली होती. नाक्यावरच्या पोरानं ॲक्सल मोजायला सुरुवात केली, तिसऱ्यांदा चुकला आणि हसून बूथमध्ये गेला. कॉलमची शेपटी बूथच्या छताखालून जाईपर्यंत सगळा नाका बाहेर येऊन उभा.

भिगवणला जेवायला चिलापी. उजनीचं पाणी रस्त्यावरून दिसत नाही, पण हॉटेलच्या भिंतीवर रोहित पक्ष्यांचा मोठा फोटो होता आणि बाहेर दुर्बिणी लावलेले पुण्याचे पक्षीवाले. त्यांच्यातला एक जण जेवण अर्धं टाकून बोग्यांचे फोटो काढत बसला. इंदापूरजवळ सरडेवाडीचा टोल अंधारायच्या आत ओलांडला. बाकी दिवसभर सरळ रस्ता.

शनिवार: गेट

भीमानगरला भीमा तिसऱ्यांदा, आता उजनीच्या खालची. टेंभुर्णीनंतर कारखान्याच्या फाट्याला वळलो तर समोर ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्यांची रांग, वजनकाट्यापर्यंत. कारखान्याच्या गेटची कमान पाच मीटरचीही नाही. ते सर्व्हेत आलं होतं, आणि कारखान्यानं कबूल केल्याप्रमाणे डिस्टिलरीच्या बाजूची कुंपणभिंत बारा मीटर पाडून ठेवली होती. मात्र पाडलेल्या विटा तिथंच ढीग करून! त्या उचलायला जेसीबी यायला दुपार झाली. तोवर बैलगाडीवाल्यांनी कॉलमच्या सावलीत भाकरी सोडल्या.

दोन क्रेननी दोन्ही टोकं एकाच वेळी उचलली. मामांनी शिट्टी वाजवली, बोग्या खालून निघून गेल्या आणि कॉलम लाकडी स्लीपरवर टेकला. साइट इंजिनिअरनी टेपनं नोझलची जागा मोजली आणि वेल्डरला सोमवारी बोलावलं. उभं करणं हे दुसऱ्या टोळीचं काम. स्टोअरच्या क्लार्कनं चलनावर शिक्का मारला आणि ‘माल सुस्थितीत’ असं निळ्या शाईनं लिहून दिलं. ई-वे बिलाचे दिवस अजून शिल्लक होते.

तासाभरात दोन्ही बोग्या एकावर एक चढवून रिकामा पुलर पुण्याकडे निघालासुद्धा. मामांना पुढच्या आठवड्यात एका ट्रान्सफॉर्मरचा सर्व्हे आहे. तो तेलाविना, आत कोरडा नायट्रोजन भरून जातो. वजन आमच्या तिप्पट पण बुटका, म्हणून ते खुशीत होते. मी एसटीनं परतले. मंगळवारचं एका दिवसाचं डिटेन्शन, म्हणजे गाडी अडकून पडल्याचं भाडं, आम्ही भरायचं, ट्रान्सपोर्टरनं सोसायचं की गिऱ्हाइकाच्या बिलात लावायचं, यावर ऑफिसात मेलामेली अजून चालू आहे.